दाराबाहेरच्या चपला: स्क्रीन रीडर चालू आहे हे ॲपला कसं कळतं, आणि कळल्यावर काय करायचं

आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने मला विचारलं, "ताई, समोरच्याचा स्क्रीन रीडर चालू आहे हे आपल्या ॲपला कळायला काय करावं लागतं?" मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पूर्ण अंध आहे. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे स्क्रीन रीडर. मी कामाच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरते. अर्धा तास मी त्याला समजावत होते, तरी निम्मं सांगायचं राहिलं. ते सगळं इथे लिहिते आहे, म्हणजे पुढच्याला हे वाचायला देता येईल. कोडमधली नावं शब्द सुटे करून लिहिली आहेत, डॉक्युमेंटेशनमध्ये ती सलग सापडतील. सलग लिहिलेलं लांबलचक नाव स्क्रीन रीडर एका दमात म्हणून टाकतो आणि हाती काही लागत नाही, म्हणून मला ही सवय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "ही व्यक्ती अंध आहे" असं ॲपला सांगणारी सोय कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाही. ॲपला दिसतात त्या फक्त खुणा, दाराबाहेरच्या चपलांसारख्या. चपला दिसल्या की घरात पाहुणे आलेत असं आपण धरून चालतो. पण त्या कुणाच्या, हे आत विचारल्याशिवाय कळत नाही. कधी पाहुणा मागच्या दाराने येतो आणि बाहेर चपला दिसतच नाहीत. कधी माणूस निघून जातो आणि चपला तिथेच राहतात. पुढे ज्या खुणा सांगणार आहे, त्यांच्यात हे तिन्ही प्रकार घडतात. म्हणून खूण कशी वाचायची याच्याइतकंच, ती वाचून पुढे काय करायचं हे महत्त्वाचं.

अँड्रॉइड

मागच्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका औषधाच्या दुकानात उभी होते. बिल झालं ३४० रुपये. क्यूआर स्कॅन करायला माझ्या बँकेचं ॲप उघडलं. टॉकबॅक वाचू लागला: "सुरक्षा सूचना. आपल्या फोनवर स्क्रीन वाचणारी सेवा सुरू आहे. पुढे जाण्यासाठी ती बंद करा. ठीक आहे, बटण." त्या बटणावर दोनदा टॅप केलं की ॲप बंद. आदल्या आठवड्यापर्यंत तेच ॲप व्यवस्थित चालत होतं. मधल्या एका अपडेटने हे आणलं होतं. सेवा बंद करायची म्हणजे टॉकबॅक बंद करायचा, आणि टॉकबॅक बंद केला की माझ्या हातात नुसती गुळगुळीत काच उरते. मागे रांग लागली होती. दुकानातला मुलगा भला होता, म्हणाला, "द्या मॅडम, मी करून देतो." म्हणजे पिन त्याला सांगायचा. पाकिटात पाचशेची नोट होती म्हणून निभावलं.

तो कोड ज्याने लिहिला त्याची भीती खोटी नव्हती, हेही मला मान्य आहे. व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल पाठवून, ती इन्स्टॉल करायला लावून, तिच्यासाठी ॲक्सेसिबिलिटी सेवेची (मुळात अपंगांच्या मदतीसाठी असलेल्या सेवेची) परवानगी उकळायची, ही फसवणुकीची पद्धत खरीच आहे. अशी सेवा स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकते आणि माणसाच्या वतीने बटणंही दाबू शकते. टॉकबॅकही नेमकी हीच दोन कामं करतो, फक्त माझ्यासाठी करतो. त्या ॲपने चोर आणि मी यांच्यात फरक करायचा प्रयत्नच केला नव्हता.

हा फरक करायचा कसा, ते पाहू. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी मॅनेजर नावाची सिस्टिम सेवा आहे. तिला पहिला प्रश्न विचारता येतो तो "इज एनेबल्ड". पुष्कळ जण इथेच थांबतात आणि इथेच चुकतात. याचं उत्तर "हो" आलं तर कुठली तरी ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. एखादा पासवर्ड मॅनेजर असू शकतो, बटणांची कामं बदलून देणारं ॲप असू शकतं, फोनवरची कामं आपोआप उरकणारं एखादं ॲपही असू शकतं.

दुसरा प्रश्न "इज टच एक्सप्लोरेशन एनेबल्ड". बोट फिरवलं की खालची गोष्ट वाचली जाते आणि उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, ती पद्धत चालू आहे का, हे तो सांगतो. टॉकबॅक वापरणाऱ्यांच्या बाबतीत हा बऱ्यापैकी भरवशाचा आहे. मात्र स्विच ॲक्सेस, म्हणजे स्क्रीनला हात न लावता एक-दोन बटणांनी फोन चालवायची सोय, वापरणाऱ्या माणसाच्या फोनवर याचं उत्तर "नाही" येतं, आणि त्या माणसालाही तुमच्या तीन सेकंदांत गायब होणाऱ्या निरोपाचा माझ्याइतकाच त्रास होतो.

तिसरा प्रश्न जास्त नेमका: "गेट एनेबल्ड ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिस लिस्ट". त्याला "फीडबॅक स्पोकन" हा प्रकार दिला की बोलून माहिती देणाऱ्या चालू सेवांची यादी मिळते. यादी रिकामी नसेल तर स्क्रीन रीडर आहे असं समजायला हरकत नाही. आपण बोलतो की नाही हे सेवेने स्वतःच जाहीर केलेलं असतं, तेवढं ध्यानात असू द्या.

एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की वेगळी सांगते. टॉकबॅकचं पॅकेज नाव, म्हणजे सिस्टिममधलं त्याचं नाव, कोडमध्ये लिहून ठेवायचं आणि यादीत तेच शोधायचं. सॅमसंगच्या फोनवरच्या टॉकबॅकचं पॅकेज नाव गूगलच्या टॉकबॅकपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे जिएशुओ हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणारेही अंध मित्र भरपूर आहेत. नावावरून ओळखायला गेलात की हे सगळे तुमच्या लेखी नाहीतच.

आता बँकेच्या ॲपचा प्रश्न. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक सेवेबद्दल "इज ॲक्सेसिबिलिटी टूल" असं विचारता येतं. म्हणजे ही सेवा खरोखर अपंग व्यक्तींसाठी आहे असं तिने जाहीर केलं आहे का. अँड्रॉइड १४ ने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं: एखाद्या व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवरच्या एखाद्या भागाला, "ॲक्सेसिबिलिटी डेटा सेन्सिटिव्ह" अशी खूण केली की तो फक्त अशा जाहीर केलेल्या सेवांनाच दिसतो. पिनचा चौकोन, शिल्लक रक्कम, पैसे पाठवण्याचं बटण, यांना ही खूण करा. मग टॉकबॅक वाचेल आणि पासवर्ड मॅनेजरच्या नावाखाली आलेलं भलतं ॲप वाचू शकणार नाही. ॲप सगळ्यांना बंद करून टाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

इथेही पूर्ण भरवसा नाही, कारण बाहेरून आलेलं चोरटं ॲपसुद्धा स्वतःला टूल म्हणवून घेऊ शकतं. म्हणून जोडीला आणखी दोन गोष्टी पाहा. ती सेवा फोनबरोबरच आलेली सिस्टिम ॲप आहे का. नसेल तर ती कुठून इन्स्टॉल झाली. दुसरं कळायला पॅकेज मॅनेजरकडे "गेट इन्स्टॉल सोर्स इन्फो" आहे. अँड्रॉइड ११ पासून दुसरी ॲप दिसायला मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) "क्वेरीज" लिहावं लागतं, ते विसरलात तर तिथे एक्सेप्शन, म्हणजे एरर, येईल. प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सेवेची परवानगी मिळणं अँड्रॉइड १३ पासून अवघड केलेलं आहे, पण जुने फोन अजून वापरात आहेत.

एवढं करूनही शंका उरली तर माणसाला विचारा. सेवेचं नाव घेऊन विचारा, कारण "स्क्रीन वाचणारी सेवा" म्हणजे काय हे फसवल्या गेलेल्या माणसालाही कळत नाही. आमच्या ॲपमध्ये आता असं येतं: "'अमुक' हे ॲप तुमची स्क्रीन वाचू शकतं. ते तुम्ही स्वतः चालू केलं आहे का?" खाली दोन बटणं: "हो, मीच चालू केलं आहे" आणि "नाही, सेटिंग्ज उघडा". पहिलं दाबलं की त्या सेवेपुरतं पुन्हा विचारत नाही. ज्याच्या फोनमध्ये खरोखर चोर शिरला आहे त्याला चोराचं नाव कळतं, आणि मला माझे ३४० रुपये देता येतात.

हे तुमच्या वरिष्ठांना पटवायचं असेल तर एक तारीख सांगा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीच्या, प्रकरणात निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं आणि २० निर्देश दिले. न्यायालयात गेलेल्यांमध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेली स्त्री होती आणि एक अंध वकील होते. "डोळे मिचकावा" म्हणणाऱ्या कॅमेऱ्यापुढे ज्यांचं काही चालत नाही अशी ही माणसं.

विंडोज

विंडोजमधली सगळ्यात जुनी खूण म्हणजे एक झेंडा. "सिस्टिम पॅरामीटर्स इन्फो" या फंक्शनला "एसपीआय गेट स्क्रीन रीडर" असं विचारायचं. त्याचा क्रमांक हेक्समध्ये ४६. उत्तर हो किंवा नाही. स्क्रीन रीडर सुरू होताना हा झेंडा वर करतो आणि बंद होताना खाली घेतो. एनव्हीडीए हे नेमाने करतो.

अडचण अशी की झेंडा एकच आहे आणि तो कुणी वर केला याची नोंद कुठेच नाही. दोन स्क्रीन रीडर चालू असतील आणि त्यातला एक बंद झाला, तर जाताना तो झेंडा खाली करून जातो. दुसरा अजून बोलतोच आहे. स्क्रीन रीडर अचानक कोसळला तर झेंडा वरच राहतो, चपला विसरून गेलेल्या पाहुण्यासारखा. आणि विंडोजबरोबरच येणारा नॅरेटर हा स्क्रीन रीडर झेंडा वर करतच नाही, तो मागच्या दाराने येतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं लिहिलेलं आहे.

वर राहिलेला झेंडा पुष्कळ डोळस प्रोग्रॅमरांनीही पाहिला आहे, फक्त तो काय आहे हे त्यांना माहीत नसतं. पॉवरशेल ही विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी उघडल्यावर, तुम्ही कदाचित स्क्रीन रीडर वापरत आहात म्हणून पीएस रीड लाइन (ओळ टाइप करायला मदत करणारा भाग) बंद केलं आहे, अशी सूचना येते. जन्मात स्क्रीन रीडर न वापरलेला माणूस गोंधळतो. कुठल्या तरी प्रोग्रॅमने झेंडा वर करून तसाच सोडलेला असतो. सोपा उपाय: एनव्हीडीए एकदा सुरू करा आणि इन्सर्ट व क्यू दाबून रीतसर बंद करा. जाताना तो झेंडा खाली घेईल.

दुसरी खूण "यूआयए क्लायंट्स आर लिसनिंग". यूआय ऑटोमेशन ही प्रोग्रॅमच्या स्क्रीनची माहिती बाहेर देणारी विंडोजची सोय. तिच्या घटना कुणी ऐकत आहे का, एवढंच ही खूण सांगते. ऐकणारा स्क्रीन रीडरच असेल असं नाही. यूआय तपासणारी ऑटोमेशनची साधनंही याच रस्त्याने येतात. घटना पाठवायचा खर्च वाचवायला ही खूण ठीक आहे. माणूस कोण आहे ते ठरवायला तिचा उपयोग करू नका.

तिसरी पद्धत मला सगळ्यात पटते, कारण ती चपला मोजत बसत नाही, सरळ कडी वाजवते. एखाद्या प्रोग्रॅमला तुमच्या खिडकीची माहिती हवी असली की विंडोज तुमच्या खिडकीला "डब्ल्यूएम गेट ऑब्जेक्ट" हा संदेश देतं. हा संदेश आला म्हणजे कुणी तरी प्रत्यक्ष विचारतं आहे. क्रोमने यातून एक छान युक्ती केली आहे. तो एक सूचना सोडतो आणि तिच्यावर १ हा स्वतःचा क्रमांक घालतो. स्क्रीन रीडर ऐकत असेल तर सूचना मिळताच तो "१ क्रमांकाची वस्तू दे" म्हणून उलट येतो. तसं झालं की क्रोम समजतो, घरात माणूस आहे, आणि मग पानाचं पूर्ण ॲक्सेसिबिलिटी ट्री (स्क्रीन रीडरसाठीचा पानाचा आराखडा) बांधायला घेतो. हे ट्री बांधायला मेमरी आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून ब्राउझरला या ओळखीची खरी गरज आहे. तुमच्या दहा बटणांच्या प्रोग्रॅमला ती नाही. नेहमीची कंट्रोल्स वापरा, विंडोज बाकीचं स्वतः पाहतं.

काही प्रोग्रॅम आपल्या प्रोसेसमध्ये कोणत्या डीएलएल (प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली) शिरल्या आहेत तेही पाहतात. एनव्हीडीए आपली "एनव्हीडीए हेल्पर रिमोट" नावाची डीएलएल इतर प्रोग्रॅममध्ये घालतो, त्यावरून तो ओळखता येतो. फायरफॉक्समध्ये "अबाउट सपोर्ट" हे पान उघडून ॲक्सेसिबिलिटीचा भाग पाहा. ही सोय चालू झाली आहे का आणि कोणत्या प्रोग्रॅममुळे झाली, ते तिथे लिहिलेलं असतं. बग शोधताना मला हे पान फार उपयोगी पडतं.

विंडोजबद्दल शेवटचं, आणि हे मला स्वतःला दोन दिवस घालवून कळलं आहे. एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये माझ्याकडे पावतीची ओळ वाचली जात नव्हती. डेव्हलपरच्या मशिनवर एनव्हीडीए लावला की सगळं ठीक. माझ्याकडे शांतता. शेवटी कळलं की माझ्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर लॉगिनबरोबर आपोआप सुरू होत होतं, एनव्हीडीएच्या दोन-तीन सेकंद आधी. झेंडा त्याने एकदाच, सुरुवातीला, वाचला होता. तेव्हा तो खाली होता. म्हणून, खूण वाचायचीच असेल तर "डब्ल्यूएम सेटिंग चेंज" हा संदेशही ऐका आणि तो आल्यावर पुन्हा वाचा. अँड्रॉइडमध्येही तसंच: टच एक्सप्लोरेशन बदलल्यावर कळवणारा लिसनर आहे, तो लावा आणि स्क्रीन बंद होताना काढा. माणूस ॲप चालू असताना मध्येच स्क्रीन रीडर लावतो. दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरली की टॉकबॅक चालू किंवा बंद करता येतो. घरात एकच फोन दोघं वापरत असतील तर हे दिवसातून दहादा होतं.

मॅक, आयफोन, लिनक्स

इथे थोडक्यात सांगते, कारण इथे गोंधळ कमी आहे. आयफोन आणि मॅकवरच्या स्क्रीन रीडरचं नाव व्हॉइसओव्हर. आयफोनवर "यूआय ॲक्सेसिबिलिटी" मध्ये "इज व्हॉइसओव्हर रनिंग" आहे आणि ते बदलल्याची सूचनाही मिळते. "इज स्विच कंट्रोल रनिंग" वेगळं विचारावं लागतं (स्विच कंट्रोल म्हणजे आयफोनचा स्विच ॲक्सेस), हे पुष्कळ जण विसरतात. मॅकवर "एनएस वर्कस्पेस" कडे "इज व्हॉइसओव्हर एनेबल्ड" विचारा. लिनक्सवर डी-बसवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवर) "ऑर्ग ए११वाय स्टेटस" मध्ये "स्क्रीन रीडर एनेबल्ड" आणि "इज एनेबल्ड" अशा दोन गोष्टी आहेत. पहिली स्क्रीन रीडरपुरती, दुसरी एकूण सोयीसाठी.

वेबसाइट

वेबसाइटला हे कळत नाही. कळू नये म्हणूनच ब्राउझरांनी तशी सोय दिलेली नाही, आणि माझं मत ठामपणे त्यांच्या बाजूने आहे.

फ्लॅशच्या, म्हणजे वेबवर ॲनिमेशन आणि गेम चालवणाऱ्या जुन्या प्लगइनच्या, काळात ही वाट उघडी होती. त्याच्या ॲक्शनस्क्रिप्ट या भाषेत "ॲक्सेसिबिलिटी इज ॲक्टिव्ह" असं विचारता यायचं आणि स्क्रीन रीडर जोडलेला असेल तर उत्तर "हो" यायचं. पानात न दिसणारी एक फ्लॅश फाइल ठेवली की काम झालं. २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅश संपलं, तशी ती वाटही बंद झाली. २०१९ च्या मार्चमध्ये आयओएस १२.२ मध्ये सहायक तंत्रज्ञानाच्या घटना साइटला कळू देणारं "ॲक्सेसिबिलिटी इव्हेंट्स" नावाचं सेटिंग आलं, आणि ते आधीपासूनच चालू ठेवलेलं होतं. अंध वापरकर्त्यांनी आणि वेब डेव्हलपरांनी लगेच आवाज उठवला. कारण सरळ आहे. मी नोकरीचा अर्ज भरते, विम्याचा हप्ता विचारते, घर भाड्याने शोधते. त्या साइटला मी अंध असल्याचं मी सांगण्याआधी कळावं, असं मला वाटत नाही. कधी आणि कुणाला सांगायचं ते मी ठरवीन.

माउस न हलवता फोकस फिरतो आहे का, एवढ्यावरून अंदाज बांधणारे कोडही मी पाहिले आहेत. ते लिहू नका. ती खूण नुसता कीबोर्ड वापरणाऱ्या डोळस माणसाचीही असते.

वेबवर ओळखण्याऐवजी दोन गोष्टी करता येतात. माणसाने स्वतःहून सांगितलेल्या पसंती वाचा: "प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन", "प्रेफर्स कॉन्ट्रास्ट", "फोर्स्ड कलर्स" या मीडिया क्वेरी (हालचाल कमी, कॉन्ट्रास्ट वेगळा, रंग ठरावीक, अशी सेटिंग्ज पानाला सांगणाऱ्या) त्यासाठीच आहेत. त्यातून माणसाला काय हवं ते कळतं, त्याला काय झालं आहे ते कळत नाही. आणि जिथे खरोखर वेगळी सोय लागते, तिथे बटण द्या. गूगल डॉक्समध्ये स्क्रीन रीडरचा आधार कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून मी स्वतः चालू करते. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात केलेल्या साइटवर सुरुवातीलाच "एनेबल ॲक्सेसिबिलिटी" असं एक बटण असतं, डोळ्यांना न दिसणारं, स्क्रीन रीडरला ऐकू येणारं. ते दाबलं की साइट बोलू लागते. फ्लटरवाल्यांनो, ते बटण इंग्रजीतच बोलतं. आपल्या गावाकडच्या माणसाला ते कशाचं आहे हे कळत नाही. शक्य असेल तिथे ही सोय सुरुवातीपासूनच चालू ठेवा.

कळल्यावर काय करायचं

वेगळी स्क्रीन बनवू नका. अंधांसाठी म्हणून केलेली साधी आवृत्ती पहिल्या महिन्यात छान असते. सहा महिन्यांनी मूळ ॲपमध्ये चार नवीन सोयी आलेल्या असतात आणि आमच्या आवृत्तीत त्यांपैकी एकही नसते. हे मी इतक्या ठिकाणी तपासलं आहे की यावर आता वाद घालत नाही.

ओळखून करण्यासारखी कामं मोजकी आहेत. ॲप स्वतः आवाज करत असेल, व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल, तर स्क्रीन रीडर असताना तो थांबवून ठेवा. दोन आवाज एकावर एक आले की मला काहीच ऐकू येत नाही. ॲपमध्ये स्वतःचे जेश्चर असतील, दोन बोटांनी ओढणं, दाबून धरून सरकवणं, तर तेच काम करणारं साधं बटण पुढे आणा. टॉकबॅक चालू असताना बोटाच्या पुष्कळशा हालचाली तो स्वतःकडे घेतो, तुमच्यापर्यंत येऊच देत नाही.

वेळेच्या बाबतीत तर ओळखायचीही गरज नाही. अँड्रॉइड १० पासून ॲक्सेसिबिलिटी मॅनेजरकडे "गेट रेकमेंडेड टाइमआउट मिलिस" आहे. तुमचा निरोप तीन सेकंद दाखवायचा असेल तर त्याला ३००० द्या आणि त्यात मजकूर आहे की बटणं आहेत ते सांगा. फोनच्या मालकाने किती वेळ मागितला आहे ते तो परत देतो. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली "टाइम टू टेक ॲक्शन" म्हणून हे असतं. माझ्या सासूबाईंना उत्तम दिसतं, पण बोटं आखडली आहेत. त्यांच्या फोनवर मी एक मिनिट लावून दिलं आहे. ज्या ॲपने हा प्रश्न विचारला आहे, त्यात "रद्द करा" हे बटण त्यांच्या बोटाखाली थांबतं. कुठल्याही स्क्रीन रीडरची खूण त्यांच्या फोनवर नाही, म्हणजे नुसतं स्क्रीन रीडर ओळखून वेळ वाढवणाऱ्या ॲपने त्यांना सोडून दिलं असतं.

अंदाज चुकू शकतो, म्हणून सेटिंग्जमध्ये तीन पर्याय ठेवा: आपोआप, नेहमी चालू, नेहमी बंद. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये तसंच आहे. त्याला शंका आली तर तो सरळ विचारतो की तुम्ही स्क्रीन रीडर वापरता का, आणि चालू असेल तेव्हा खालच्या पट्टीत तसं लिहितो. वापरणाऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही. विचारलेलं मला कधीच खटकलेलं नाही, मला न विचारता ठरवलेलं खटकतं.

आणि ही माहिती फोनबाहेर पाठवू नका. ॲनालिटिक्सच्या, म्हणजे वापराची नोंद ठेवणाऱ्या सोयीच्या, प्रत्येक घटनेला "स्क्रीन रीडर: हो" असं चिकटवलेलं मी पाहिलं आहे, शेजारी मोबाइल नंबर. मोजायचंच असेल तर नाव-नंबर न जोडता नुसती संख्या मोजा.

तपासायचं कसं

फोन यूएसबीने जोडा आणि एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला कमांड द्यायच्या साधनात) "सेटिंग्ज गेट सिक्युअर" पुढे "एनेबल्ड ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसेस" विचारा. कोणत्या सेवा चालू आहेत ते कळेल. मग चार परिस्थितींत ॲप उघडा: काहीच चालू नाही, फक्त पासवर्ड मॅनेजर चालू, टॉकबॅक चालू, स्विच ॲक्सेस चालू. दुसऱ्या परिस्थितीत ॲपने तुम्हाला अंध समजू नये. चौथ्यात त्याने तुम्हाला विसरू नये. विंडोजवर एनव्हीडीए आणि नॅरेटर दोन्हींनी तपासा, कारण एक झेंडा वर करतो आणि एक करत नाही. टास्क मॅनेजरमधून एनव्हीडीए मारून टाका आणि मग ॲप कसं वागतं ते पाहा. क्रोमसाठी पत्त्याच्या जागी क्रोमचं ॲक्सेसिबिलिटी पान उघडलं की सध्या कोणती सोय चालू आहे ते दिसतं.

त्या नव्या मुलाला मी शेवटी त्याच्याच फोनवर हे करायला लावलं. ब्राइटनेस शून्यावर, टॉकबॅक चालू, पैसे पाठवायची स्क्रीन. ओटीपीच्या चौकोनापर्यंत पोहोचायला त्याला चार मिनिटं लागली. मग त्याला म्हटलं, आता इथेच, मध्येच, व्हॉल्यूमची दोन्ही बटणं दाबून टॉकबॅक बंद कर आणि पुन्हा लाव. त्याने लावला. ओटीपीचा चौकोन वाचला गेला, पण रक्कम दोनदा वाचली गेली, कारण त्याने लावलेला लिसनर काढलाच नव्हता आणि आता दोन झाले होते. तो बग त्याने स्वतःच्या नावावर नोंदवला आहे, आणि सोमवारच्या बिल्डमध्ये मी तो पुन्हा ऐकणार आहे.